माहितीदार क्रमांक सतरा

बेचाळिसाव्या पानावर मला माझंच अक्षर दिसलं. लगेच ओळखू आलं नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होती, कडेला काळी पट्टी, मधली ओळ पुसट. टायपिंगमध्ये सुटलेला एक शब्द कुणीतरी शाईनं ओळीच्या वर घुसवला होता, 'चुरगळून', आणि खाली बाणाची खूण केली होती. त्या शब्दातला 'ळ' पाहून मी थांबले. असा डावीकडे कललेला 'ळ' मी काढते. शाळेत त्यापायी बोटांवर पट्ट्या खाल्ल्या आहेत. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि कोऱ्या चेहऱ्यानं पान उलटलं, कारण समोर कंपनीची वकील बसली होती आणि तिच्यादेखत चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही एवढं तरी या नोकरीनं मला शिकवलं आहे. वकील तिशीतली, नीटनेटकी, बोलायला गोड. 'मॅडम, बेचाळीस पाहिलंत ना? तोच आमचा मुख्य आधार,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'पाहिलं.' पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदांचे कोपरे उचलत होता, आणि माझ्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, उगीचच गरम वाटायला लागलं.

आमच्या कार्यालयात काय चालतं हे नातेवाइकांना तेवीस वर्षांत कळलेलं नाही. कुणाला वाटतं मी जंगलखात्यात आहे, कुणाला वाटतं औषधांना परवाने देते. मी समजावणं सोडून दिलंय. तशी गोष्ट साधी आहे. एखाद्या कंपनीला कुठलंसं झाड, वेल किंवा बुरशी वापरून काही बनवायचं असेल तर आधी आमच्याकडे अर्ज करावा लागतो. ती वस्तू आणली कुठून, तिचा उपयोग कळला कुणाकडून, त्या माणसांना आधी विचारलं होतं का, आणि पुढं जो फायदा होईल त्यात त्यांना काय मिळणार. असे चार प्रश्न. या चार प्रश्नांसाठी चौसष्ट पानांचा नमुना आहे, आणि त्यातली निम्मी पानं माझ्याच टेबलावर तयार झालीत. नव्या लोकांच्या प्रशिक्षणात मी दर वर्षी एक भाषणही ठोकते. 'ज्ञान हवेत तरंगत नसतं, ते कुणाच्या तरी डोक्यात असतं आणि त्या डोक्याला नाव असतं,' हे माझं ठरलेलं वाक्य. तिथं हमखास टाळ्या पडतात. एकदा तर कुणीतरी ते वाक्य सुंदर अक्षरात लिहून जिन्यात लावलं होतं. तीन महिने मी रोज त्याच्या शेजारून वर चढले आणि मला एकदाही लाज वाटली नाही, हे आता आठवून आश्चर्य वाटतं.

वकिलीणबाईंचं म्हणणं बिनतोड होतं. भाजल्यावर लावायचं मलम. त्यातला मुख्य घटक एका कुंपणावरच्या वेलीच्या पानांतला. त्या पानांचा उपयोग एका जुन्या प्रबंधात नोंदलेला आहे, प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणालाही पाहता येतो, म्हणजे ज्ञान आधीच जाहीर झालेलं आहे. आणि माहिती देणारी व्यक्ती अज्ञात आहे. 'अज्ञात व्यक्तीची संमती कशी घेणार, मॅडम? वाटा सामायिक निधीत जमा करायला आम्ही तयारच आहोत.' तिनं नियमाचा आकडा सांगितला. तो नियम मीच लिहिला होता. अज्ञात म्हणजे खरोखर अज्ञात, सगळीकडे शोधूनही न सापडलेलं, असं तेव्हा माझ्या मनात होतं. पण मनातलं कागदावर उतरत नाही. कागदावर 'अज्ञात' एवढंच उतरलं, आणि पानावर लिहिलं होतं: माहितीदार क्रमांक १७, स्त्री, वय अंदाजे ५५, निरक्षर.

सतरा नंबरच्या बाई माझ्या घरी राहतात. या वेळी जेवण उरकून गॅलरीत बसल्या असतील, पाय खुर्चीवर घेऊन. त्या माझ्या सासूबाई.

लग्नाला आठ महिने झाले होते. मी चोवीस वर्षांची, प्रबंधाचं ओझं माहेरून सासरी घेऊन आलेली. विषय 'घरगुती उपचारांतील वनस्पती', आणि वह्याच्या वह्या भरून झालेल्या असल्या तरी सोळा माहितीदारांपुढं गाडी सरकत नव्हती. एका दुपारी कुकरची शिटी काढताना वाफ हातावर आली. मी ओरडलेसुद्धा नाही; सासरी ओरडायचं कसं, हाच पहिला विचार मनात आला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते पाहिलं. हात नळाखाली धरून ठेवला, मग खाली जाऊन कुंपणावरची चारसहा पानं आणली, तळहातावर चुरगळली, आणि माझ्या हातावर थापली. काकडी कापल्यासारखा वास आला. पानांना बारीक लव होती, ती आधी टोचली आणि मग काहीच टोचेना. पंधरा मिनिटांनी पानं बदलली, तासाने परत. माझ्या हातावर आज डाग नाही. म्हणजे पुरावा असलाच तर तो हा, डाग नसणं, आणि तो चौसष्ट पानांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या मागं लागले. कुठलं पान, केव्हा तोडायचं, किती, कुणी शिकवलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'घरातली आहेस म्हणून सांगते,' त्या म्हणाल्या. 'लिहायचं तर लिही. पण बाहेर कुणाला हवं झालं तर त्याला माझ्याकडे पाठव. भाजलेलं बघावं लागतं. फोड फुटला असेल तर हे लावायचं नाही. ते बघितल्याशिवाय कळत नाही.' मी मान डोलावली आणि पानांचं तेवढं लिहून घेतलं. बाकीचं मला सासूचं बोलणं वाटलं. आज समोर वकील बसलेली असताना मला पहिल्यांदा कळलं, की आम्ही चौसष्ट पानांत जे मांडायला धडपडतो ते त्यांनी पोळपाटावरचा हातही न उचलता सांगितलं होतं. काय द्यायचं, कुणाला द्यायचं, आणि कुणाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. संमती होती, अटींसकट होती. अटी मीच वहीत घेतल्या नव्हत्या.

आणि नावही घेतलं नव्हतं. तशी पद्धतच होती. मार्गदर्शक सर म्हणायचे, 'नावं घालून प्रबंधाची गावगप्प करू नका. शास्त्राला नमुना लागतो, माणूस नाही.' त्या वेलीला मात्र मी दोन शब्दांचं लॅटिन नाव शोधून दिलं, तिरप्या अक्षरात, पुढं ते ठेवणाऱ्या साहेबाच्या आडनावासकट. बाईला सतरा नंबर दिला. वयाचा रकाना होता, तर वय विचारायचा धीर झाला नाही. नव्या सुनेनं सासूला वय विचारायचं म्हणजे काय. केसांकडे पाहून पंचावन्न टाकलं. शिक्षणाचा रकाना होता, तिथं जे होतं ते लिहिलं. पेन अडखळलं नाही. अडखळलं असतं तर बरं झालं असतं, पण ते नाही अडखळलं.

प्रबंध बांधून घरी आला, काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पेढ्यांचा पुडा उघडला होता, दोनचार शेजारी बसले होते. आईंनी पदराला हात पुसले आणि विचारलं, 'यात मी कुठंय?' मी पान काढलं. त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. 'हे बघा, इथं तुम्ही,' मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, हळूच, शाई ओली असेल अशा भीतीनं. मग शेजाऱ्यांना म्हणाल्या, 'नाव छापलंय माझं.' मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक क्षण होता, तो मी पेढे फिरवण्यात घालवला. पुढं त्यांनी त्या पानात लाल दोरा घातला आणि प्रबंध आपल्या कपाटात ठेवला, आणि येईल त्या पाहुण्याला तो दाखवायचं सुरू झालं. व्याही आले, दाखवला. माझ्या नणंदेची सासू आली, दाखवला. समोरच्या फ्लॅटमधल्या शाळेच्या बाईंना तर दोनदा. त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत होतं. त्यांनी ओळ वाचली असेल, माझ्याकडे पाहिलं असेल, आणि 'वा, वा' म्हटलं असेल. म्हणजे तेहतीस वर्षं आम्ही सगळे मिळून एका बाईला फसवत होतो, अगदी प्रेमानं.

वकील गेल्यावर साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागं 'तीन वाजता' म्हणतात, कारण कुठलीही फाइल त्यांना तीन वाजताच वर हवी असते. 'अज्ञातवर खूण करा आणि पाठवा, तीन वाजता बैठक आहे,' ते म्हणाले. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. त्यांनी चष्मा काढला. 'सगळं स्वच्छ आहे ना? प्रबंध आहे, ग्रंथालय आहे.'

'प्रबंध माझा आहे.'

'ओ,' ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, समजुतीच्या सुरात, 'माहेरचं नाव आहे त्यावर. कुणाच्या लक्षात येणार नाही. सहा महिने राहिलेत तुमचे. आता कशाला उकरता?' ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी मला वाचवायचाच प्रयत्न केला. मी 'बघते' म्हणून बाहेर आले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नमुन्यातलं अठ्ठावीस क्रमांकाचं पान, ज्ञानधारकाचं पान, कोरं असं एक पिशवीत टाकलं.

बसमध्ये मी नवऱ्याला फोन केला. तो ऐकत राहिला, ऐकताना काहीतरी खात होता. 'आईला काही सांगू नकोस,' तो म्हणाला. 'त्या पुस्तकावर जगते ती. चौऱ्याऐंशी वय आहे तिचं. असू दे ना तिचा आनंद.' मी म्हटलं, मग त्यांना विचारायला माणूस येईल तेव्हा काय करायचं? आम्ही 'ज्ञात' अशी खूण केली की दोन अधिकारी घरी येतात, माहिती कुणाला कशी दिली ते विचारतात, सगळं वाचून दाखवतात. 'मग नको ना खूण करू,' तो म्हणाला. किती सोपं होतं. एक खूण केली की आईंचा आनंद राहतो, साहेबांची बैठक होते, माझे सहा महिने सुरळीत जातात आणि मलम बाजारात येतं. दुसरी खूण केली की सगळं जातं आणि बदल्यात एका कागदावर एक नाव येतं. मी इतकी दमले होते की कुणीतरी माझा हात धरून ती पहिली खूण करून घेतली असती तर मी आडकाठी केली नसती. खिडकीतून दुकानं मागं जात होती, एका फळकुटावर बसून एक माणूस चष्मे विकत होता, आणि मी एकच गोष्ट घोळवत होते, की आईंनी मला हात दिला होता आणि मी त्यांना बोट ठेवायला जागा दिली.

इमारतीची लिफ्ट परवापासून बंद आहे. चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून आले तर आमच्या दारासमोर लिफ्टचा मेकॅनिक फतकल मारून बसला होता, आजूबाजूला पाने-पक्कड आणि वायरींचे तुकडे. 'संध्याकाळपर्यंत होईल, ताई,' त्यानं न विचारता सांगितलं. दार उघडंच होतं. आई गॅलरीत बसल्या होत्या आणि तडा गेलेल्या बादलीतल्या त्या वेलीची पिवळी पानं खुडत होत्या. कुंपण पाडलं तेव्हा त्यांनी एक फांदी वाचवली होती. 'लवकर आलीस? बरं नाही का?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरंय. पाणी प्यायले. मग त्यांच्यासमोर मोडा ओढून बसले आणि एका दमात सांगितलं, की एक कंपनी आलीय, तिला या पानांचं मलम करायचंय, आणि ती म्हणते की हे कुणी सांगितलं ते ठाऊक नाही.

'ठाऊक नाही कसं?' त्या हसल्या. 'पुस्तकात आहे की.' आणि उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या, प्रबंध घेऊन आल्या. लाल दोऱ्याशी पान उघडलं. बोट ठेवलं. तेहतीस वर्षांत बोट एक ओळ खाली घसरलं होतं. ते माहितीदार अठरावर होतं, पुरुष, वय ६०, मेंढपाळ. 'आई, ही ओळ नाही,' मी म्हटलं, आणि त्यांचं बोट वर सरकवलं.

त्यांनी बोट उचललं नाही. 'वाच,' त्या म्हणाल्या. 'बोट धरून दाखवलंस. वाचून कधी दाखवलं नाहीस.'

दुसरं एखादं वाक्य वाचता आलं असतं. त्यांचं पूर्ण नाव मला पाठ आहे, रेशनपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे मीच लिहिते. तोंडाशी आलं होतं. पण हात गरम वाटत होता, आणि मी जे होतं ते वाचलं. 'माहितीदार क्रमांक सतरा. स्त्री. वय अंदाजे पंचावन्न. निरक्षर.' बाहेर मेकॅनिक काहीतरी ठोकत होता. तो थांबला, पुन्हा ठोकायला लागला.

'एक्कावन्नची होते मी,' आई म्हणाल्या.

मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. 'आणि नाव?'

'नाही.'

'कुठंच नाही?'

'कुठंच नाही, आई. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं.'

त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. वाचता न येणारं माणूस पानाकडे बघतं तेव्हा काय बघतं, मला कधी कळलेलं नाही. 'मग मी लोकांना काय दाखवत होते गं?' त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. 'फोड फुटला असेल तर लावायचं नाही, हे तरी लिहिलंस?' मी नकारार्थी मान हलवली. 'आणि ती माणसं मलम करणार,' त्या म्हणाल्या, 'न बघता.' त्या इतक्या दमलेल्या मला कधीच दिसल्या नव्हत्या, घरातली दोन मरणं पाहिली तेव्हाही नाही.

मी पिशवीतून अठ्ठावीस क्रमांकाचं पान काढलं. सगळं समजावलं, की इथं नाव येईल, इथं वय, ही अट इथं, आणि खाली परवानगी आहे की नाही ते. नाही म्हणालात तरी चालतं. नाही म्हणायचा हक्क आहे. हे सगळं मी प्रशिक्षणात सांगते त्याच शब्दांत सांगितलं आणि मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. 'लिही,' त्या म्हणाल्या. मी त्यांचं नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांचं लिहिलं, वय लिहिलं. अट लिहिली, या वेळी पूर्ण. अधिकाऱ्याशी नातं असल्यास, या रकान्यात 'सून' लिहिलं. शाईचा डबा पुढं केला. त्यांनी अंगठा मागं घेतला.

'आधी कुणाकडून तरी वाचून घेते.'

'आई, मी आत्ताच—'

'तू नको.' रागानं नाही म्हणाल्या. भाजी निवडताना किडकं बाजूला ठेवावं तसं ठेवलं मला. मी म्हटलं, शाळेच्या बाईंना बोलावते. 'त्याही नको. त्यांनी दोनदा पुस्तक पाहिलंय.' म्हणजे बसल्या बसल्या त्यांनी सगळा हिशेब लावला होता, कुणी कुणी वाचलं होतं आणि कोण कोण गप्प बसलं होतं. 'आणि परवानगीचं विचारायला तुझ्या हापिसातलं दुसरं कुणी पाठव. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, ज्याला हवंय त्याला माझ्याकडे पाठव. द्यायचं की नाही, ते त्याच्याशी बोलेन.' नियमाप्रमाणंही तेच बरोबर होतं. नात्यातल्या अधिकाऱ्यानं बाजूला व्हायचं असतं. तोही नियम माझाच. 'पाठवते,' मी म्हटलं.

त्या कागद घेऊन दारापर्यंत गेल्या. मी मागं राहिले, ओट्याला टेकून. मेकॅनिकनं त्यांना येताना पाहिलं आणि गडबडीनं उठला, हात पँटला पुसले. 'जरा हे वाचून दाखव बाबा,' आई म्हणाल्या. 'मोठ्यानं वाच. जे असेल तेच वाच.' त्यानं कागद कडेनं धरला, काळं लागू नये म्हणून. आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो सावकाश वाचायला लागला, शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्या माणसासारखं, एकेक शब्द सुटा करून. ज्ञानधारकाचे संपूर्ण नाव, तो म्हणाला, आणि पुढं ते नाव वाचलं. या घरात त्यांना आई म्हणतात, आजी म्हणतात, वहिनी म्हणणारेही आता उरले नाहीत. ते नाव मी शंभर कागदांवर लिहिलं होतं, पण कुणी मोठ्यानं उच्चारलेलं या घरात कधी ऐकलं नव्हतं. जिन्यात ते जरा घुमलं. मेकॅनिक पुढचा शब्द लावत होता, तेवढ्यात आईंनी, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर द्यावी तशी, 'ओ' दिली.